केळशीची पुळण : वाळूची टेकडी, खाजण आणि निवांत किनारा

कोकणात समुद्र पाहावयास जाणाऱ्यांची पावले बहुधा ठरलेल्या गावांकडेच वळतात. अलिबाग, काशीद, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली ही नावे आता घराघरांत पोहोचली आहेत. या गजबजलेल्या ठिकाणांच्या मधल्या भागांत मात्र अशी काही गावे आहेत, की जिथे किनारा अजून किनाराच राहिला आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे त्यांतील एक गाव. येथे लांबलचक पुळण आहे, वाऱ्याने उभारलेली वाळूची टेकडी आहे, भारजा नदीची खाडी आहे आणि खाडीकाठी भरतीच्या पाण्याखाली जाणारे खाजण आहे. नैसर्गिक किनाऱ्याचे हे चारही घटक एकमेकांना लागून, पायी फिरून पाहता येतील इतक्या अंतरात क्वचितच आढळतात. त्यामुळे केळशी पाहणे म्हणजे किनारा कसा घडतो, कसा टिकतो आणि कशाने मोडतो हे एकाच फेरीत समजून घेणे होय.

स्थान आणि रचना

दापोलीहून आंजर्ले मार्गे केळशीला जाता येते. हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. गावाच्या दक्षिणेस उटंबरचा डोंगर समुद्रात घुसलेला असून उत्तरेस भारजा नदी समुद्रास मिळते. खाडीपलीकडे मंडणगड तालुका सुरू होतो आणि त्याच बाजूस, सावित्री नदीच्या मुखाजवळ, कासवांसाठी प्रसिद्ध झालेले वेळास आणि बाणकोटचा किल्ला आहे. डोंगराचे नाक आणि नदीचे मुख या दोहोंच्या मध्ये पसरलेली पुळण हीच केळशीची ओळख.

कोकणच्या किनाऱ्याची ठेवणच अशी आहे. सह्याद्रीपासून निघालेल्या काळ्या पाषाणाच्या आणि जांभ्याच्या डोंगरसोंडा समुद्रापर्यंत येऊन थांबतात. दोन सोंडांच्या मधल्या बाकात लाटांनी आणून टाकलेली वाळू साठते आणि पुळण तयार होते. जेथे नदी येऊन मिळते तेथे खाडी तयार होते आणि खाडीच्या आतील शांत पाण्यात गाळ बसत जाऊन खाजण वाढते. लाटांचा मारा होतो तेथे वाळू आणि आडोसा मिळतो तेथे चिखल, असा हा सरळ हिशेब आहे. या वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा असतो, तसेच नद्यांनी डोंगरांतून आणलेली काळी खनिजेही असतात. त्यामुळे एकाच किनाऱ्यावर लाटेने वाळू चाळून टाकल्यासारखे पांढरट आणि काळसर पट्टे दिसतात.

पुळणीचे रूप वर्षभर सारखे राहत नाही. पावसाळ्यातील उंच, उग्र लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या खोलीवर तिचा बांध घालतात. पाऊस ओसरल्यावर समुद्र शांत झाला की लांब, सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणूनच श्रावणात अरुंद, उतरता दिसणारा किनारा माघात रुंद आणि सपाट झालेला आढळतो. ही देवघेव चालू राहणे म्हणजेच किनारा जिवंत असणे. पावसाळ्यात झीज दिसताच घाबरून दगडी भिंत घातली, तर लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू अधिकच खरवडून नेते आणि परत येणाऱ्या वाळूला थांबण्यास जागा उरत नाही.

वाळूची टेकडी

केळशीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे खाडीच्या मुखाकडील वाळूची टेकडी. कोकणच्या दमट, पावसाळी हवेत वाळूचे मोठे ढीग फारसे तयार होत नाहीत. राजस्थानातील वाळवंटाप्रमाणे येथे वाळू बाराही महिने कोरडी नसते. त्यामुळे कोकणात पुळणीमागे वाळूचा जो उंचवटा असतो तो बहुधा पुरुषभर उंचीचा. केळशीची टेकडी मात्र त्याहून कितीतरी उंच असून खाडीच्या बाजूने पाहिल्यास ती एखाद्या लहान डोंगरासारखीच भासते.

वाळूची टेकडी कशी तयार होते, हे समजण्यास अवघड नाही. ओहोटीला उघडी पडलेली वाळू हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारपर्यंत वाळते. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. वाळूचे कण या वाऱ्याबरोबर उड्या मारत जमिनीकडे सरकतात. वाटेत एखादे लाकूड, वाहून आलेला काडीकचरा किंवा वेलीचे जाळे आडवे आले, की त्याच्या आडोशाला वारा मंदावतो आणि कण तेथेच पडतात. ढीग वाढला की तो स्वतःच आडोसा होतो. त्यावर वनस्पती रुजल्या की वाळू बांधली जाते, आणि वनस्पती गाडल्या गेल्या तरी त्या पुन्हा वर वाढतात. अशा रीतीने वर्षानुवर्षे टेकडी उंच होत जाते. तिच्या वाढीची गती मंद असते. ती कापून नेण्यास मात्र चार दिवस पुरतात.

केळशीच्या टेकडीला आणखी एक महत्त्व आहे, ते तिच्या पोटात दडलेल्या इतिहासाचे. टेकडीचा काही भाग माणसाच्या खोदाईत गेला असून उघड्या पडलेल्या छेदात वाळूचे निरनिराळे थर दिसतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास करून तिच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले. वाऱ्याने उडून आलेल्या बारीक, स्वच्छ वाळूच्या थरांमध्ये मानवी वस्तीच्या खुणा आणि समुद्राने एका झपाट्यात आणून टाकलेले साहित्य मिळावे, ही बाब साधी नाही. या पुराव्याचा संबंध सुमारे ५०० वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर आलेल्या त्सुनामी लाटेशी जोडण्यात आला.

या निष्कर्षाला लिखित इतिहासाचाही एक धागा जुळतो. वास्को द गामा हा पोर्तुगालचा व्हाइसरॉय म्हणून तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो १५२४ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात त्याचे आरमार दाभोळजवळच्या समुद्रात असताना वारा नसतानाही पाणी एकाएकी खवळले आणि जहाजे हेलकावू लागली, अशी नोंद पोर्तुगीज बखरकारांनी केली आहे. हा समुद्रातील भूकंपाचा प्रताप असावा, असे आज मानले जाते. दाभोळ हे वाशिष्ठी नदीच्या मुखावरील जुने बंदर केळशीच्या दक्षिणेस, याच दापोली तालुक्यात आहे. वादळाने टाकलेला थर आणि त्सुनामीने टाकलेला थर यांत भेद करणे हे शास्त्रज्ञांनाही सोपे नसते. म्हणूनच असा प्रत्येक छेद मोलाचा ठरतो. पश्चिम किनाऱ्यावर अशा आपत्तींच्या नोंदी विरळ आहेत. जी माहिती दप्तरांत सापडत नाही ती वाळूत सापडू शकते. टेकडीची वाळू बांधकामासाठी उचलली गेली, तर तिच्याबरोबर हे दप्तरही कायमचे जळते.

मर्यादवेल आणि तिचे सोबती

टेकडीच्या समुद्राकडील बाजूस जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर दूरवर पसरलेली दिसते. तिचे पान आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले असते. हीच मर्यादवेल. समुद्राने आपली मर्यादा ओलांडू नये म्हणून ही वेल राखण करते, असा समज तिच्या नावातच आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही तो फारसा चुकीचा नाही. तिची मुळे पेरापेराला वाळूत शिरतात, खोड वाळूखाली गाडले गेले तरी पुन्हा वर येते आणि खाऱ्या तुषारांनी ती करपत नाही. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा नावाचे ताठ, टोकदार गवत असते. या गवताची वाळलेली गोलाकार बोंडे वाऱ्यावर चेंडूसारखी घरंगळत जातात आणि जेथे अडकतात तेथे बी टाकतात. या दोन वनस्पती म्हणजे टेकडीचे पहिले बांधकाम कामगार म्हणता येतील.

त्यांच्या मागे, जेथे वारा आणि खार थोडी कमी होते तेथे केवड्याची बने, उंडीची झाडे आणि मग गावातल्या माडापोफळींच्या वाड्या येतात. अनेक किनाऱ्यांवर उंच, सळसळणाऱ्या सुरूच्या रांगा दिसतात. सुरू हे मूळचे कोकण किनाऱ्याचे झाड नव्हे. वाळू थोपविण्यासाठी आणि सरपणासाठी ते लावण्यात आले. त्याची सावली सुखद असली तरी त्याच्या सुयांसारख्या काड्यांचा जाड थर पडल्यावर त्याखाली मर्यादवेलीसारख्या वनस्पती नीट रुजत नाहीत. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांच्या किनाऱ्यावर हाहाकार उडविला. माड, पोफळी, सुरू मुळासकट आडवे झाले, घरांवरची कौले उडाली, पिढ्यान्पिढ्या जोपासलेल्या वाड्या एका दिवसात नाहीशा झाल्या. अशा वेळी किनारा आणि वाडी यांच्या मध्ये उभी असलेली वाळूची टेकडी किती मोलाची असते, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

खाजण : चिखलातले वैभव

टेकडी ओलांडून खाडीच्या बाजूस उतरले की देखावा पालटतो. लाटांचा आवाज मागे पडतो, पायांखाली वाळूऐवजी राखाडी चिखल येतो आणि समोर हिरव्या झुडपांची गर्दी दिसू लागते. हे खाजण. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी येथे शिरते आणि दोनदा परत जाते. पाणी येताना सोबत बारीक गाळ आणते, झुडपांच्या मुळांत त्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. अशा रीतीने खाजण स्वतःची जमीन स्वतःच वाढवीत असते.

खाऱ्या, हवा न खेळणाऱ्या चिखलात सामान्य झाड जगू शकत नाही. येथील खारफुटीने त्यावर आपापल्या परीने उपाय शोधले आहेत. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी असंख्य मुळे वर आलेली दिसतात. ही श्वसनमुळे होत. ओहोटीच्या वेळी त्यांतून झाड हवा घेते. तिवराच्या पानावर जीभ लावल्यास ती खारट लागते, कारण शोषलेले जादा मीठ पानांतून बाहेर टाकले जाते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखा कोंब खाली लोंबतो. तो गळून चिखलात रुतला की नवे झाड तयार होते, आणि भरती असल्यास तरंगत दूर जाऊन दुसरीकडे रुजते. काटेरी पानांची, निळ्या फुलांची मारांडी काठाकाठाने वाढते. कोकणच्या खाड्यांत आढळणाऱ्या पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. असा वृक्ष घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

खाजणाची प्रजाही पाहण्यासारखी असते. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारे निवटे हे मासे असूनही पाण्याबाहेर बराच काळ राहू शकतात. एकच नांगी अवाढव्य असलेले लहान नर खेकडे ती नांगी वरखाली हलवून मादीला बोलावतात आणि प्रतिस्पर्ध्याला दटावतात. माणसाची सावली पडताच सगळे बिळांत गडप होतात. मात्र पाच-दहा मिनिटे निश्चल उभे राहिल्यास ते एकेक करून पुन्हा बाहेर येतात. खाजण पाहण्याची हीच रीत आहे. येथे चालण्यापेक्षा थांबणाऱ्याला अधिक दिसते.

खाडीकाठच्या माणसांच्या ताटाशी या चिखलाचे थेट नाते आहे. कोळंबीची आणि कित्येक माशांची पिले खाजणाच्या उथळ पाण्यात, मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात जातात. कालवे, तिसऱ्या, खुबे, मुळे ही ओहोटीला हाताने मिळणारी कमाई मुख्यतः बायकांच्या कष्टावर चालते. खाजण बुजविले की ही कमाई बुडते आणि त्याची नोंद कोणत्याही नफ्यातोट्याच्या पत्रकात होत नाही.

कोकणात खाजणाचा दुसराही इतिहास आहे. मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवावयाचे आणि आतील खार जमिनीत खारे पाणी सोसणारे भात पिकवावयाचे, ही पद्धत फार जुनी. अशा बांधांच्या देखभालीसाठी महाराष्ट्रात १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा कायदा करण्यात आला. पुढे अनेक ठिकाणी बांध फुटले, शेती सुटली आणि त्या जागी पुन्हा खारफुटी उगवली. त्यामुळे शेतजमीन की कांदळवन हा वाद आज अनेक खाडीकाठच्या गावांत ऐकू येतो. या वादात शेतकऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निसर्गरक्षणाची भाषा करणे अपुरे ठरते.

भरती-ओहोटीचे गणित

अशा किनाऱ्यावर जाणाऱ्याने घड्याळाइतकेच पंचांगही पाहावे. किनाऱ्यावरील जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. चालू पक्षातील तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास आणि पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती येते. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा हेच गणित लागू पडते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. हा हिशेब ढोबळ असून त्यात अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडू शकतो. तरी फिरण्याचा बेत ठरविण्यास तो पुरेसा आहे.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य-चंद्रांची ओढ एकवटल्यामुळे भरती मोठी येते आणि ओहोटीही दूरवर जाते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी असते, त्यास भांगाची भरती म्हणतात. पहाटे आणि सायंकाळी विस्तीर्ण ओली पुळण पाहावयाची असेल, तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे जावे, कारण त्या दिवसांत ओहोटी साधारण पाच-सहाच्या सुमारास लागते. पक्षी पाहावयाचे असतील तर भरती चढत असताना खाडीकाठी थांबावे. चिखल बुडू लागला की दूरवर विखुरलेले पक्षी आपोआप जवळ येतात.

कासवे आणि पक्षी

ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या माद्या हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या भागातील किनाऱ्यांवर येतात. भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत मागच्या पायांनी खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवितात आणि समुद्रात निघून जातात. पुढचे काम वाळूच्या उबेचे. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर पडतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक आणि कमी तापली तर नर अधिक निपजतात. पिले उजेडाच्या दिशेने चालतात. निसर्गात रात्रीच्या वेळी जमिनीपेक्षा समुद्राकडील क्षितिज उजळ असते. किनाऱ्यावर दिवे लागले की पिलांची दिशा चुकते.

एके काळी येथे कासवाची अंडी सर्रास उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून वेळासच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखण्याचे काम सुरू केले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांनी ग्रामस्थांच्या घरी राहावे, घरचे जेवण घ्यावे आणि सकाळ-संध्याकाळ पिलांचे समुद्रात जाणे पाहावे, अशी ही साधी योजना. अंडी विकण्यापेक्षा पिले दाखविण्यात गावाचे हित आहे, हे त्यातून सिद्ध झाले. केळशी, आंजर्ले आणि इतर अनेक गावांनीही पुढे घरटी राखण्याचे काम हाती घेतले.

या कासवांचा प्रवास थक्क करणारा आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसविण्यात आले आणि तिला 'प्रथमा' हे नाव देण्यात आले. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे वेगळी, ही समजूत त्यामुळे नव्याने तपासावी लागली.

हिवाळ्यात पुळणीवर आणि खाजणात पाहुण्या पक्ष्यांचीही वर्दळ असते. लाटेच्या मागे धावणारे लहानखुरे चिखल्या आणि तुतारी, किनाऱ्यावर थव्याने बसणारे कुरव, पाण्यात सूर मारणारे सुरय, लांब वाकड्या चोचीने चिखल चाचपणारे कोरल हे त्यांतील ठळक पक्षी. उंच झाडावर घरटे करणारा समुद्रगरुड वर्षभर दिसू शकतो. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला ओहोटीचे चार तास म्हणजे पोट भरण्याची वेळ असते. छायाचित्रासाठी थवा वारंवार उडविला, तर त्याच्या परतीच्या प्रवासाची शिदोरीच आपण हिरावून घेतो.

कधी आणि कसे जावे?

ऑक्टोबर अखेर ते मार्च हा काळ उत्तम. कासवांची पिले पाहावयाची असल्यास फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जावे. मात्र घरटे कधी फुटेल हे कोणी सांगू शकत नसल्याने निराशेची तयारी ठेवूनच जावे. कोकण रेल्वेने खेड स्थानकावर उतरून दापोली गाठता येते. दापोलीहून एसटीची सोय आहे. गावात राहण्याजेवण्याची घरगुती व्यवस्था होऊ शकते, ती आधी ठरवून घेणे बरे. केळशीचे महालक्ष्मी मंदिर, खाडीजवळचा याकूबबाबांचा दर्गा आणि वाड्यांमधून जाणाऱ्या पाखाड्या आवर्जून पाहाव्यात. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै बंदरातील मासळीचा लिलाव आणि समुद्रातील सुवर्णदुर्ग हे जवळच आहेत.

सोबत पिण्याचे पाणी, टोपी, दुर्बीण आणि चिखलात चालतील अशी पादत्राणे घ्यावीत. निर्मनुष्य किनाऱ्याचे सुख हवे असेल तर त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. येथे जीवरक्षक असेलच असे समजू नये. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्याची ओढ फार जोराची असते, तेथे पोहण्यास उतरणे जिवावर बेतू शकते. खाजणाच्या चिखलात एकट्याने शिरू नये आणि भरती सुरू होताच माघारी फिरावे. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नये. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याचा कोळ्यांचा प्रघात अनुभवातून आलेला आहे.

पाहुण्याने पाळावयाचे नियम

पहिला नियम, पुळणीवर वाहन नेऊ नये. चाकाखाली कासवाची घरटी आणि खेकड्यांची बिळे चिरडतात. चाकाच्या खोल चाकोरीत पडलेले कासवाचे पिलू वर चढू शकत नाही. भरतीत रुतलेली मोटार बाहेर काढण्यासाठी गावकऱ्यांना जुंपणे हा तर वेगळाच मनस्ताप. दुसरा नियम, वाळूच्या टेकडीवरून घसरगुंडी खेळू नये. रुळलेल्या वाटेनेच चढावे. मर्यादवेल एकदा तुडवली गेली की वारा त्याच जागी खळगा पाडतो आणि खळगा वाढत जाऊन टेकडी फाटते. तिसरा, रात्री किनाऱ्यावर शेकोटी, प्रखर दिवे आणि ध्वनिवर्धक नकोत. चौथा, पिलांना हात लावू नये, त्यांच्यावर फ्लॅश मारू नये आणि कार्यकर्त्यांनी आखलेल्या दोरीमागेच उभे राहावे. पाचवा, जिवंत शंखशिंपले उचलू नयेत आणि नेलेले प्लॅस्टिक परत आणावे.

कायद्याचे कवच

वाळूच्या टेकड्या, खाजणे, कांदळवने, चिखलपट्टे आणि कासवांच्या विणीच्या जागा यांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात स्थान आहे. ही अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये निघाली. २०११ आणि २०१९ मध्ये तिची नवी रूपे आली. ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई करणारा आदेश दिला आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन ती मनाई कायम केली. राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. कायद्यांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. तिवर तोडला तर दिसतो, पण टेकडीची चार ढंपर वाळू रात्रीतून गेली तर सकाळी ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. झाडाला जंगलाचा मान मिळतो, वाळूच्या ढिगाला मात्र पडीक जमीन समजले जाते.

पर्यटन वाढावे ही किनाऱ्यावरील गावांची अपेक्षा रास्त आहे. मासेमारी पूर्वीसारखी राहिलेली नाही, वाड्यांचे उत्पन्न वादळाने खाल्ले आहे, तरुणांना मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. पण ज्या शांततेसाठी पाहुणा केळशीला येतो ती शांतता आणि ज्या किनाऱ्यासाठी येतो तो किनारा हेच या गावाचे भांडवल आहे. वेळासने ते भांडवल न मोडता त्याचे व्याज खाण्याचा मार्ग दाखवून दिला. टेकडी सपाट करून तिच्या जागी निवासस्थाने उभी राहिली, तर समुद्र दिसेल, परंतु त्याला अडविणारे काही उरणार नाही. केळशीची टेकडी उभी राहण्यास शतके लागली. ती राखावयाची असेल तर तिला फार काही द्यावे लागत नाही. वारा, वाळू आणि मर्यादवेल आपले काम करीतच असतात. त्यांच्या कामात माणसाने खोडा घालू नये, एवढेच पुरेसे आहे.